डेट्रॉइटचे नाव हवे, डेट्रॉइटचे गाणे नको? #धागा

१/ पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्याला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणण्याची रीत आता जुनी झाली. चेन्नईही या बिरुदावर हक्क सांगते. तो वाद वेगळा. बिरुद मिरवणाऱ्यांना त्यात मोटारी दिसतात, गुंतवणूक दिसते, निर्यात दिसते. डेट्रॉइटने जगाला दिलेली दुसरी गोष्ट मात्र एकाही भाषणात येत नाही. ती म्हणजे संगीत. हा धागा त्या गाळलेल्या अर्ध्या इतिहासाविषयी आहे.

२/ तो गाळला जातो, कारण एक समज पक्का आहे. पाश्चात्य संगीत म्हणजे बाखपासून निघून डीजेपर्यंत घसरत आलेला उतार: वर अभिजात, खाली लोकप्रिय, वर दरबार आणि सभागृह, खाली कारखाना आणि रस्ता. या समजाची स्थानिक आवृत्तीही आहे. संस्कृती पेठांत, उत्पादन पवनेकाठी. पुण्यात सवाई, पिंपरीत शिफ्ट. इतिहास या दोन्ही समजांना आधार देत नाही.

३/ प्रथम वरच्या टोकाकडे पाहावे. योहान सेबास्टियन बाख हा वायमारच्या ड्यूकचा नोकर होता. १७१७ मध्ये त्याला दुसऱ्या दरबारात चांगली जागा मिळाली आणि त्याने जाऊ देण्याचा आग्रह धरला. ड्यूकने त्याला सुमारे चार आठवडे कोठडीत ठेवले आणि मग बडतर्फ केले. अभिजात संगीताच्या शिखरावर आज ज्याचा पुतळा आहे, त्याला राजीनामा देण्याचाही हक्क नव्हता.

४/ योसेफ हायडनचा १७६१ चा करार तर एखाद्या कंपनीच्या स्थायी आदेशांसारखा वाचता येतो. एस्टरहाझी घराण्याच्या या संगीतकाराने गणवेशात, पांढऱ्या मोज्यांत, पावडर लावून हजर राहायचे. रोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर उभे राहून आज कोणते संगीत हवे ते विचारायचे. आणि जे रचायचे ते फक्त मालकासाठी. रचना बाहेर देण्यावरची ही बंदी उठली १७७९ च्या नव्या कराराने, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी.

५/ मोझार्टला १७८१ मध्ये व्हिएन्नात आपल्या मालकाच्या, साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या, खानसाम्यांच्या आणि हुजऱ्यांच्या पंगतीत जेवायला बसवले जाई. त्याने नोकरी सोडायचे ठरवले तेव्हा दरबारी अधिकाऱ्याने त्याला लाथ मारून बाहेर काढले. या तिघांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. पण 'अभिजात संगीत श्रमाच्या जगापासून दूर, निर्मळ वातावरणात जन्मले' असे सांगणाऱ्यांनी ही कागदपत्रे एकदा चाळावीत. गणवेश, हजेरी, करार, बडतर्फी हे शब्द तिथलेच आहेत.

६/ संगीतकाराला दरबाराबाहेरचा रस्ता दाखवला तो बाजाराने आणि यंत्राने. छापील स्वरलिपी विकली जाऊ लागली, तिकीट लावून मैफली होऊ लागल्या, मध्यमवर्गाच्या घरात पियानो आला. लंडनच्या ब्रॉडवुड या पियानो बनवणाऱ्या कंपनीने बेथोव्हेनला आपले वाद्य भेट म्हणून पाठवले. संगीतकाराचा आश्रयदाता आता सरदाराबरोबर कारखानदारही होता. पियानोची लोखंडी चौकट ओतशाळेतून येते, हे ध्यानात घेतले की 'अभिजात विरुद्ध औद्योगिक' ही विभागणी डळमळू लागते.

७/ पितळी वाद्यांचेही तसेच. १८१८ मध्ये श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. त्यामुळे तुतारीसारख्या वाद्यातून सर्व स्वर सहज निघू लागले. १८४६ मध्ये अडोल्फ साक्सने पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. ही वाद्ये टिकाऊ होती, तुलनेने लवकर शिकता येत आणि मोकळ्या हवेत दूरवर ऐकू जात. ती सैन्याच्या हाती गेली आणि लगेच कामगारांच्याही.

८/ यॉर्कशरमधील क्वीन्सबरी गावात जॉन फॉस्टर यांची ब्लॅक डाइक ही लोकर गिरणी होती. १८५५ पासून गिरणीच्या नावाने कामगारांचा ब्रास बँड उभा राहिला. तो आजही वाजतो. अशा बँडांच्या कार्यक्रमांत ऑपेरातील भाग असत. ज्याला ऑपेरागृहाचे तिकीट परवडत नव्हते, अशा विणकराने ते संगीत चौकात ऐकले, आणि ते वाजवणारा त्याच्याच खात्यातला सोबती होता. येथे 'घसरण' कोणाची झाली?

९/ हेच पितळ दोन दिशांनी निघाले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरील मिरवणुकीच्या बँडांतून आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लूज-रॅगटाइममधून विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ घडला. भारतात ते छावण्यांतून आले. पुणे आणि खडकी या लष्करी छावण्या पिंपरीपासून हाकेच्या अंतरावर. छावणीतला बँड लग्नाच्या वरातीत केव्हा आला आणि 'आपला' केव्हा झाला, हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. क्लॅरिनेटवर वाजणाऱ्या लावणीला आज कोणी परदेशी म्हणत नाही.

१०/ याहून बोलके उदाहरण देहू-आळंदीत आहे. भजनी मंडळातली पेटी. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. भारतात तिला हाताचा भाता मिळाला, ती जमिनीवर आली आणि नाट्यसंगीतापासून कीर्तनापर्यंत सर्वत्र बसली. 'परके, अशुद्ध वाद्य' म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिच्यावर बंदी घातली होती. रेडिओने बाहेर ठेवलेल्या पेटीला विठ्ठलाच्या मंदिरात मात्र कोणी अडवले नाही.

११/ ज्या भूमीवर हा औद्योगिक पट्टा उभा आहे, तिथे उच्च-नीचतेचा हा वाद चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. संस्कृतबाहेरच्या भाषेत, अधिकार नसलेल्या जातीत जन्मून अभंग रचल्याबद्दल तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. पुढे तेच अभंग भीमसेन जोशींनी रागदारी मैफलीच्या तोडीने गायले आणि जाणकारांनी माना डोलावल्या. लोकप्रियाकडून अभिजाताकडे जाणारी वाट इतकी जवळ असताना उताराचा सिद्धान्त इथे रुजावा, हे आश्चर्य आहे.

१२/ आता पाश्चात्य संगीताचा महाराष्ट्रातील मुख्य प्रवाह: गोवा ते मुंबई. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. माजोर्ड्यात १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते वादक आणि संयोजक झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लोकांना मात्र त्यांचे नाव कळले ते १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतातून, शिष्याने केलेल्या मानवंदनेतून.

१३/ नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांनी १९५१ च्या 'अलबेला'त जॅझ आणि लॅटिन ताल हिंदी गाण्यात आणले. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांत वाद्यमेळ लिहिणाऱ्या गोवेकरांना श्रेयनामावलीत 'साहाय्यक' एवढीच जागा मिळे, अनेकांना तीही नाही. ज्यांच्या लेखणीतून वाद्यवृंद उतरला, ते पडद्यामागे राहिले. हे चित्र पुढे डेट्रॉइटमध्येही दिसेल.

१४/ डेट्रॉइट. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. दक्षिणेतील कापसाच्या शेतांतून आणि वंशद्वेषातून सुटू पाहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे निघाली. कारखान्यात त्यांच्या वाट्याला ओतशाळा आणि रंगखाते अशी जड, घातक कामे आली. पण नियमित पगारही आला. त्या पगारातून घरात पियानो आला, चर्चमध्ये गायकवृंद उभे राहिले, वस्तीत क्लब निघाले. मराठवाडा-विदर्भातून चाकणला आलेल्या तरुणाला या कथेचा पूर्वार्ध ओळखीचा वाटेल.

१५/ बेरी गॉर्डी १९५५ मध्ये लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर लागला. उघडी चौकट एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्याने रोज पाहिले. १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने सुरू केलेली कंपनी म्हणजे मोटाउन. 'मोटर टाउन'चे लघुरूप. गीतकार, वादक, गायक, नृत्यशिक्षक अशी खाती होती आणि कोणते गाणे बाजारात जाईल हे ठरवणाऱ्या बैठकीला नाव होते क्वालिटी कंट्रोल.

१६/ मोटाउनच्या गाण्यांमागे फंक ब्रदर्स हा वादकांचा ताफा होता; त्यातले बरेच जण जॅझ क्लबांत घडलेले. त्यांची नावे तबकडीवर प्रथम आली १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. त्याच तबकडीवर डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्राचे व्हायोलिनवादकही आहेत. ज्यांना पाठ्यपुस्तक दोन टोकांवर बसवते, ते अभिजात आणि लोकप्रिय वादक एकाच गावच्या एकाच कंपनीचे काम करत होते.

१७/ १९६५ मध्ये मार्था अँड द व्हॅन्डेलाज या गायिकांचे एक गीत फोर्डच्या कारखान्यात, मस्टँगच्या चालू असेंब्ली लाइनवर चित्रित झाले. कामगार गाड्या जोडताहेत आणि त्यांतून या तिघी गात फिरताहेत. गाणे, कारखाना आणि कामगार एका चौकटीत आल्याचा इतका थेट पुरावा दुर्मीळ. या पट्ट्यातल्या एखाद्या लाइनवर असे काही कधी टिपले गेले का, हा प्रश्न 'भारताचे डेट्रॉइट' म्हणणाऱ्यांना विचारला पाहिजे.

१८/ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे नेमकी तारा दाबणारी बोटे. कारखान्यातल्याच वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली: भाजलेल्या हाताने वाजवणारा जॅझ गिटारवादक. आयोमीने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या खालच्या स्वरात उतरवल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड नाद, ज्यातून हेवी मेटल आले, त्यात ती जखम आहे. प्रेस-शॉपमध्ये बोटे जाणे म्हणजे काय, हे भोसरी-चाकणला समजावून सांगावे लागत नाही.

१९/ जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ. अभिजात संगीताचे शिक्षण घेतलेल्या राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी आपल्या गटाचे नाव ठेवले क्राफ्टवेर्क, म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. १९७४ ची त्यांची 'ऑटोबान' ही रचना बावीस मिनिटांहून लांब आहे आणि गाडी सुरू होण्याच्या आवाजाने उघडते. मूळ जर्मन तबकडीच्या मुखपृष्ठावर महामार्ग आहे आणि त्यावर दोन गाड्या: एक फोक्सवॅगन, एक मर्सिडीज. या दोन्ही कंपन्यांचे चाकणमधले कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. गाड्या आल्या, मुखपृष्ठ वाटेतच राहिले.

२०/ क्राफ्टवेर्कच्या तबकड्या डेट्रॉइटच्या रेडिओवर वाजत. शेजारच्या बेलव्हिलमध्ये शाळेत भेटलेले तीन कृष्णवर्णीय मित्र, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, यांनी १९८० च्या दशकात स्वस्तात मिळणाऱ्या जपानी ड्रम-यंत्रांवर टेक्नो घडवले. तोवर मोटाउन कंपनी लॉस एंजेलिसला गेली होती (१९७२), कारखाने बंद पडत होते. रिकाम्या होत चाललेल्या मोटारनगरीचा तो आवाज होता.

२१/ म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीतून येणारा, पश्चिम महाराष्ट्रात सरसकट 'डॉल्बी' म्हणून ओळखला जाणारा ठोका कोठून आला? त्याच्या वंशावळीत शिकागो आणि डेट्रॉइटच्या वस्त्या आहेत. 'पाश्चात्य विकृती' म्हणून हिणवणाऱ्यांना तो श्रीमंतांचा छंद वाटतो. निघाला तो कामगारांच्या शहरांतून. त्याच्या कर्कशपणाचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हा नियम आवाजाला लागू होतो. तो संगीताचा प्रकार विचारत नाही आणि ढोलालाही सूट देत नाही.

२२/ ढोल-ताशा 'प्राचीन, अस्सल' आणि डीजे 'उपरा' ही मांडणीही तपासावी. ढोल मावळ-मुळशीच्या गावांतला, जुना, यात वाद नाही. ताशा हा शब्द फारसीमार्गे आला. आणि गणवेश, रांगा, ध्वज, शिस्तबद्ध हातवारे असलेले आजचे नागरी पथक हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांच्या पथकांनी त्याला हे रूप दिले. नवे असणे हा त्याचा दोष नाही. मात्र त्याच न्यायाने दुसऱ्याचे नवेपणही दोष ठरत नाही.

२३/ येथे एक आक्षेप रास्त आहे: कारखाने आले की गाणे आपोआप येते काय? येत नाही. डेट्रॉइटमध्ये कॅस टेक्निकल ही सरकारी शाळा होती, जिथे यंत्रविद्येबरोबर वाद्यवृंद शिकवला जाई. रॉन कार्टर आणि डोनाल्ड बर्ड हे जॅझचे थोर वादक तिथलेच. कायम नोकरी होती, युनियनने मिळवलेला पगार होता, रविवार मोकळा होता. संगीताला तीन गोष्टी लागतात: वाद्य, शिक्षक आणि सुटीचा दिवस.

२४/ महाराष्ट्रात हे घडले होते. मुंबईच्या गिरणगावात १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊंनी तमाशाचे लोकनाट्य केले. गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढणारी त्यांची छक्कड हे स्थलांतरित कामगाराचे ब्लूजच होय. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि त्या गाण्यांचा श्रोताच पांगला.

२५/ त्याच १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आकुर्डी, भोसरी, पुढे चाकणपर्यंत तीन पिढ्या इथे राबल्या. त्यांचे संगीत नव्हते असे नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, तेव्हा कारखान्यांच्या शेजारून टाळ-पखवाज जातो. कामगार कल्याण मंडळाच्या भजन आणि नाट्य स्पर्धांतून खात्याखात्यांचे संघ उतरले. आंबेडकर जयंतीच्या मंचांवर भीमगीते झाली. वस्त्यांतून बँडपथके निघाली. यांतले किती ध्वनिमुद्रित झाले, किती लिहून ठेवले गेले?

२६/ आणि आजच्या कामगाराचे काय? कंत्राटी, काही महिन्यांपुरता, बारा तासांची पाळी, चौघांत एक खोली. त्याच्याकडे तालमीला वेळ नाही आणि पुढल्या वर्षी तो याच गावात असेल याची खात्री नाही. 'या पट्ट्याला संस्कृती नाही' असे म्हणणारे लोक ज्या व्यवस्थेने सुटीचा दिवस हिरावला तिला मोकळे सोडतात आणि ज्याचा हिरावला त्यालाच अरसिक ठरवतात. या धाग्याचा मुख्य आक्षेप हाच आहे.

२७/ डेट्रॉइटचा शेवटही लक्षात घ्यावा. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, २०१० मध्ये सुमारे सात लाख, जुलै २०१३ मध्ये नगरपालिकेची दिवाळखोरी. मोटारींनी ते शहर वाचवले नाही. पण मोटाउनचे ते छोटे घर १९८५ पासून संग्रहालय आहे. एस्थर गॉर्डी एडवर्ड्स या गॉर्डीच्या बहिणीने कागद, कपडे, छायाचित्रे जपली म्हणून. शहर काय होते, हे आज जग त्या घरातून जाणते.

२८/ म्हणून मागणी साधी आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर, भोसरीचे लांडगे सभागृह ही मनपाची नाट्यगृहे आहेत. त्यांत कामगारांच्या भजनी मंडळाला, बँडला आणि रॅप करणाऱ्या पोरांना परवडणाऱ्या दराने तालमीची जागा मिळावी. मनपा शाळांत वाद्ये आणि शिक्षक असावेत. औद्योगिक पट्ट्याच्या संगीताचा एक संग्रह असावा.

२९/ तोवर इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी वाट पाहू नये. ज्यांच्या घरात निवृत्त कामगार आहेत, त्यांनी भजनी मंडळाची वही, कलापथकाचे छायाचित्र, स्पर्धेचे प्रमाणपत्र, जुनी कॅसेट शोधावी. तारीख, कंपनीचे खाते आणि माणसांची नावे विचारून मागे लिहून ठेवावीत. नावे विशेषतः. फंक ब्रदर्सना आणि गोवेकर वादकांना जे फार उशिरा मिळाले, ते आकुर्डीच्या पेटीवाल्याला त्याच्या हयातीत मिळू शकते.

#इतिहास #पिंपरीचिंचवड #चाकण #संगीत